खर्जाचे मानकरी
(वाशी, नवी मुंबई येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



सुरुवात एका प्रश्नाने करतो. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. तुमच्यातले काही जण आत होते. बाकीचे सायन-पनवेल महामार्गावर गाडीत बसून होते. (हशा) त्या बँडचा गायक कोण, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्याचा बेसवादक कोण? मागे एक हात वर झालेला दिसतोय. बाई, तुम्हाला नमस्कार. गाय बेरीमन. बरोबर. अख्ख्या सभागृहात एक हात.

यात तुमचा दोष नाही. बेस गिटार हे वाद्यच असं की ते वाजत असतं तेव्हा कुणी विचारत नाही आणि थांबलं की गाणं पोकळ लागतं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गायिकेचा फोटो फलकावर असतो, की-बोर्डवाल्याचं नाव निवेदक घेतो, ढोलकीवाल्याला वन्स मोअर मिळतो. बेसवाला ड्रमच्या शेजारी अंधारात उभा राहतो आणि शेवटी वायरी गुंडाळतो.

पण एका संगीतात ही उतरंड पार उलटली. जमैका नावाचं बेट, लोकसंख्या आजही तीस लाखांच्या आत. ६ ऑगस्ट १९६२ ला ते स्वतंत्र झालं, आणि त्या दशकाच्या शेवटापासून पुढची बारा-पंधरा वर्षं किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतून जे रास्ताफारी या धर्मपंथाच्या वळणाचं संगीत बाहेर पडलं त्याला रूट्स रेगे म्हणतात. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. या संगीतात बेसवादक हा गाण्याचा धनी आहे. आजचं व्याख्यान त्या धन्यांविषयी. आयोजकांनी विषय ऐकून मला पुन्हा फोन केला होता, नक्की हाच विषय ना, म्हणून. हाच.

तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, ठेक्याची. दुसरी, माणसांची, तिथे मी रेंगाळणार आहे. तिसरी, नावांची आणि पैशांची. मधेच भरकटलो तर अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवावी.

पहिली गोष्ट ठेक्याची. तीनताल मनात धरा. गवई ताना घेत कुठेही हिंडून येवो, समेवर त्याला यावंच लागतं. तो आला की आपण मान हलवतो. आपला सगळा आनंद त्या पहिल्या मात्रेवर येऊन बसलेला. कीर्तनात तेच, लावणीत तेच. आता तोच तीनताल फक्त डाव्या हाताकडे कान ठेवून ऐका. नवव्या मात्रेला खाली आली की लगेच डग्ग्याचा घुमारा बंद होतो. तिं तिं ता, ता. तबला एकटाच बोलतो. मग चौदाव्या मात्रेला डग्गा पुन्हा उघडतो आणि आपण सावरून बसतो, की आता सम आली. खर्ज काढून घेणं हीसुद्धा एक खूण असते, हे आपले कान पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

जमैकाच्या वादकांनी काय केलं? चार मात्रांचं आवर्तन धरा. एक, दोन, तीन, चार. रॉक संगीतात पहिल्या मात्रेला पायाच्या ड्रमचा दणका बसतो. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा रिकामी. दणका तिसऱ्यावर. गिटार आणि पियानो दुसऱ्या-चौथ्यावर ‘चक, चक’ करून कापत जातात. म्हणजे जिथे आपण सगळे जमतो तीच जागा या मंडळींनी मोकळी सोडली. समेवर कुणी नाही! मग गाणं धरून कोण ठेवणार? गायक तर स्वतःच तरंगतोय. गिटार नुसती कातरतेय.

ते काम बेसकडे आलं. आणि त्याने ते मोठ्या युक्तीने केलं. तो प्रत्येक मात्रेवर ठोकत बसला नाही. त्याने चार-सहा स्वरांची एक छोटी चाल बांधली, दोन स्वर वाजवले, गप्प बसला, पुन्हा तीन वाजवले. कधी समेच्या आधी उचललं, कधी सम जाऊ दिली आणि मग शांतपणे आत शिरला. रूट्स रेगेत गिटार तालवाद्य होते आणि गुणगुणता येईल अशी चाल बेसच्या वाट्याला येते. गायकाला काढून टाका, गाणं ओळखता येतं. बेस काढून टाका, येत नाही.

हे तिथेच का घडलं, याचं एक रोकडं कारण आहे. किंग्स्टनमध्ये रेकॉर्ड कंपन्या नंतर आल्या. आधी आले स्पीकरवाले. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड ही माणसं ट्रकवर भलेमोठे स्पीकर लादून वस्तीवस्तीत नाचाचे कार्यक्रम करायची. त्याला साउंड सिस्टिम म्हणत. याच लोकांनी पुढे स्टुडिओ काढले. आधी स्पीकर, मग गाणं! ज्याचा खर्ज भारी त्याच्याकडे गर्दी, म्हणून खर्ज भरेल अशीच गाणी.

आता नवी मुंबईकराला खर्ज म्हणजे काय हे मी का सांगावं? घणसोली घ्या, कोपरखैरणे घ्या, करावे, दिवाळे घ्या. गावठाण आणि सेक्टर यांच्या मध्ये एक रस्ता. गावठाणात हळद असली की सेक्टरातल्या तिसऱ्या मजल्यावर मांडणीतली स्टीलची ताटं एकमेकांवर किणकिणतात. गाण्याचे शब्द पोचत नाहीत, फक्त धडधड पोचते. बेस गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते आणि तिच्या हवेतल्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. असली लहर काचेला आणि भिंतीला फारशी जुमानत नाही. गंमत पुढे आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या ‘ए’ मापाने मोजतात, ते माप खालच्या स्वरांना फार हलकं धरतं. पन्नास कंपनांच्या आसपासचा आवाज त्यात सुमारे तीस डेसिबलने कमी भरतो. इकडे ताटं नाचतायत, आणि मीटर म्हणतो, विशेष काही नाही. (हशा)

हळदीतल्या खर्जाला मी नावं ठेवत नाही, तिथे नाचायचं असतं. पण तो ठोका असतो. मी सांगतोय तो स्वर आहे, आणि त्याला वाजवणारा माणूस आहे.

तर आता माणसं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला जमैकात स्का नावाचा पळता प्रकार होता. त्यातला सगळ्यात नामांकित वाद्यवृंद स्कॅटलाइट्स; त्यात लॉइड ब्रेव्हेट उभा डबल बेस वाजवायचा. बेस तेव्हा न थांबता चालत असे. १९६६ च्या सुमारास लय उतरली, रॉकस्टेडी आलं, इलेक्ट्रिक बेस रुळला. लय उतरल्यामुळे दोन स्वरांच्या मध्ये जागा सापडली. त्या जागेचं सोनं करणारा पहिला मोठा माणूस म्हणजे लेरॉय सिबल्स.

सिबल्स मुळात गायक. हेप्टोन्स या तिघांच्या गटाचा मुख्य गायक. ब्रेंटफर्ड रोडवरच्या कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनमध्ये की-बोर्ड वाजवणाऱ्या जॅकी मिट्टूने त्याला बेसला लावलं. हे महत्त्वाचं आहे. वादकाच्या हाती बेस गेला असता तर त्याने हिशेब केला असता. गायकाच्या हाती गेला, त्याने गळ्यातून येईल तसं वाजवलं. सिबल्सची कुठलीही चाल घ्या, ती श्वास घेते.

१९६९ मध्ये अबिसिनियन्स या गटाने स्टुडिओ वनमध्ये ‘सट्टा मासागाना’ ध्वनिमुद्रित केलं. बेस सिबल्सचा. डॉडला वाटलं, हे विकणार नाही. त्याने ते बाजारातच आणलं नाही. शेवटी गायकांनीच नव्वद पौंड मोजून आपल्याच गाण्याची टेप विकत घेतली आणि १९७१ साली स्वतःच्या लेबलवर काढली. आज ते गाणं रास्ताफारींच्या प्रार्थनेसारखं मानलं जातं. धंद्यातल्या माणसाचा कान किती पक्का असतो याचं हे उदाहरण प्रकाशक मंडळींनी टिपून ठेवावं. समोरच्या रांगेत दोघे बसलेत म्हणून बोललो. (हशा)

जमैकात एकदा तयार झालेल्या बेस-ड्रमच्या जोडीला ‘रिडिम’ म्हणतात, आणि एका रिडिमवर शंभर जण शंभर गाणी म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. भजनांच्या आणि भीमगीतांच्या पुस्तिका आठवा. गाण्याच्या डोक्यावर छापलेलं असतं, ‘चाल : अमुक’. शाहिराला चाल उसनी घेण्यात कधी कमीपणा वाटला नाही. चाल सगळ्यांची, शब्द आपले. तिकडे तेच, फक्त उसनी घेतात ती बेसची चाल. आणि सर्वांत जास्त उसन्या गेलेल्या चाली स्टुडिओ वनच्या. ‘फुल अप’ ही साठच्या दशकाअखेरची तिथली वाद्यरचना. तिची बेसची चाल आपली असं सिबल्स सांगत आला. १९८१ मध्ये मायटी डायमंड्सनी तिच्यावर गांजाच्या चिलमीचं गाणं म्हटलं. १९८२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शाळकरी मुलांच्या म्युझिकल यूथने तेच गाणं उचललं, मुलं लहान म्हणून चिलीम काढून तिथे स्वयंपाकाचं भांडं घातलं, आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. चिलीम गेली, भांडं आलं, बेस तोच.

मला कुणी विचारलं, सर्वांत प्रभावी कोण, तर मी सिबल्सचं नाव घेईन. पण सर्वांत आवडता कोण? तिथे उत्तर वेगळं आहे.

ॲस्टन बॅरेट. जन्म किंग्स्टनचा, २२ नोव्हेंबर १९४६. वेल्डिंगची कामं करणारा तरुण. पहिला बेस त्याने स्वतः बनवला : प्लायवूडचं अंग, लाकडाच्या फळीचा दांडा, तारेच्या जागी पडद्याचं सामान. पुढे धाकटा भाऊ कार्लटन ड्रमवर आणि हा बेसवर, अशी जोडी जमली. हिप्पी बॉइज, मग निर्माता ली पेरीचे अपसेटर्स, मग बॉब मार्लेचे वेलर्स. बॅरेटचं टोपणनाव ‘फॅमिली मॅन’. पुढे त्याला चाळीसच्या वर मुलं झाल्याचं त्याच्या निधनाच्या बातम्यांत छापून आलं, पण नाव त्याच्या आधीचं. (हशा) बँड हेच कुटुंब आणि आपण त्याचा कर्ता, या भावनेने त्याने ते स्वतःच घेतलं होतं.

दोघे भाऊ काय करत ते जरा जवळून पाहू. कार्लटन पहिली मात्रा मोकळी ठेवतो. ॲस्टन ती मोकळी जागा भरत नाही. तिच्या कडेने फिरतो. तारेवरचा तीक्ष्णपणा काढून टाकणारी कळ पूर्ण खाली, त्यामुळे बोटाचा टणत्कार ऐकूच येत नाही; गोल, जाड, दमदार स्वर येतो, पखवाजाच्या डाव्या बाजूला ताजी कणीक लावल्यावर येतो त्या जातीचा. आपण बेसवर खालच्या पट्टीत गात असतो, असं तो मुलाखतींत सांगायचा. मार्लेच्या गाण्यात म्हणूनच दोन गायक आहेत. एकाचा फोटो टी-शर्टवर आहे.

१९७७ च्या ‘एक्झोडस’चं शीर्षकगीत घ्या. साडेसात मिनिटांहून लांब आणि जवळजवळ सगळं एकाच कॉर्डवर. पाश्चात्त्य संगीतकाराला विचारा, एका कॉर्डवर साडेसात मिनिटं काय करणार? तो म्हणेल, कंटाळा. आपण तानपुऱ्याच्या एका षड्जावर तास काढणारी माणसं, आपल्याला ही भीती नाही. इथे ड्रम चारही मात्रांवर पावलं टाकतो, लोकांचा लोंढा चाललाय असं वाटतं, आणि बॅरेट त्या लोंढ्याखाली दोन-तीन वळणांची एकच चाल फिरवत राहतो. एकही उडी नाही. आपलं कौशल्य दाखवायला मिळालेली साडेसात मिनिटं त्याने तशीच परत केली. या संयमाला मी पराक्रम म्हणतो.

कार्लटनचा १९८७ च्या एप्रिलमध्ये किंग्स्टनमध्ये खून झाला. ॲस्टन ३ फेब्रुवारी २०२४ ला गेला. आपल्याकडे क्वचित कुठे चार ओळी आल्या असतील.

बॅरेटचा एक शागीर्द होता. रॉबी शेक्सपिअर. होय, नाव खरं आहे. आपल्याकडे गंडाबंधन असतं तसं काही तिकडे नव्हतं. पोरगा मागे लागला, शिकवा म्हणून, आणि बॅरेटने शिकवलं. १९७३ च्या ज्या ‘कॅच अ फायर’ अल्बमने वेलर्सना जगापुढे नेलं, त्यातल्या ‘काँक्रीट जंगल’ला बेस गुरूचा नाही, विशीही न गाठलेल्या या शिष्याचा आहे. १९७५ च्या बर्निंग स्पिअरच्या ‘मार्कस गार्वे’ अल्बमवर तर गुरू-शिष्य दोघेही वाजवतात. रॉबीने पुढे ड्रमवादक स्लाय डनबारशी जी जोडी जमवली ती रेगेची शंकर-जयकिशन. पीटर टॉशच्या मागे ते होते, ब्लॅक उहूरूच्या मागे ते होते; रेगेसाठीचं पहिलं ग्रॅमी १९८५ मध्ये ब्लॅक उहूरूच्या ‘अँथेम’ला मिळालं. ग्रेस जोन्सच्या १९८१ च्या ‘नाइटक्लबिंग’वर ते, बॉब डिलनच्या १९८३ च्या ‘इन्फिडल्स’वरही ते. गुरूचा स्वर भरदार आणि सावकाश, शिष्याचा कडक, कवायतीसारखा. रॉबी ८ डिसेंबर २०२१ रोजी फ्लोरिडात वारला.

आणखी कितीतरी नावं आहेत. जॅकी जॅक्सन, लॉइड पार्क्स, रूट्स रॅडिक्सचा फ्लॅबा होल्ट. एकाच माणसासाठी थांबतो : बॉरिस गार्डिनर. ली पेरीच्या ब्लॅक आर्क या परसातल्या स्टुडिओत त्याने ज्युनियर मर्विनचं ‘पोलीस अँड थीव्ह्ज’ आणि काँगोजचा पहिला अल्बम वाजवला. रूट्सचे हे कळस. त्यांतून त्याचं नाव फारसं कुणाला माहीत झालं नाही. मग १९८६ मध्ये त्याने एक गुळगुळीत प्रेमगीत गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. बेसवाल्याला नाव हवं असेल तर त्याने गावं, एवढाच याचा अर्थ.

बेसचा मान वाढवणारा एक माणूस मात्र वादक नव्हताच. किंग टबी, खरं नाव ऑस्बोर्न रडॉक, धंद्याने रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा. सोल्डरिंग आयर्न हे त्याचं वाद्य. तयार गाण्यातून त्याने गायकाचा आवाज खाली ओढला, गिटार काढली, आणि उरले बेस आणि ड्रम. मधूनच गायकाचा एक तुकडा प्रतिध्वनीसारखा येतो आणि विरतो. याला डब म्हणतात. एका मेकॅनिकने जगाला दाखवलं की गाण्यातून गाणं वजा केल्यावर जे शिल्लक राहतं ते बेसवाल्याचं असतं.

आता एक आपल्या घरची आठवण. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’ आला. पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्याच काळात लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये जमैकात जन्मलेला एक तरुण तिथल्या ब्लॅक पँथरमध्ये काम करत होता : लिंटन क्वेसी जॉन्सन. तोही कवी. वस्तीच्या बोलीत लिहिणारा, पोलिसांच्या लाठीविषयी लिहिणारा. या दोन पँथरांची भेट झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही, पण एक फरक बघा. ढसाळांची कविता कागदावर स्फोट झाली. आपल्याकडे लोकांपर्यंत ती चळवळ गाऊन नेली शाहिरांनी, ढोलकी आणि हलगीवर. जॉन्सनने मात्र आपली कविताच बेसवर ठेवली. बेसवादक आणि ध्वनितंत्रज्ञ डेनिस बोव्हेलबरोबर त्याने १९७८ पासून रेकॉर्ड काढल्या. १९८० च्या अल्बमचं नावच ‘बेस कल्चर’. तो गात नाही, संथपणे बोलतो. राग सगळा खालून येतो. मराठी विद्रोही कवितेला असा एखादा बोव्हेल भेटला असता तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा करतो. अलीकडे मुंबईच्या ‘स्वदेसी’सारख्या गटांतली मराठी रॅप करणारी मुलं त्या दिशेने चाललेली दिसतात. आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या प्रश्नावरचं त्यांचं ‘वारली रिव्होल्ट’ ऐका, मोबाईलवर नको. मोबाईलच्या स्पीकरला खर्ज पेलतच नाही. आपण आज बहुतेक गाणी अर्धीच ऐकतो.

रेगेचा बेस मुंबईत प्रत्यक्ष स्टेजवर कधी आला? एक तारीख सांगतो. २६ मार्च १९८०, धोबीतलावचं रंगभवन. इंग्लंडचा ‘द पोलीस’ हा बँड. आदल्या वर्षीच्या त्यांच्या अल्बमचं नावच होतं ‘रेगाटा द ब्लांक’, म्हणजे गोऱ्यांचं रेगे. गायक स्टिंग, आणि त्याच्या गळ्यात काय होतं? बेस गिटार. शेवटी बेसवाला पुढे आला होता, पण त्यासाठी तो गोरा आणि गायक असावा लागला. तुमच्यापैकी कुणी त्या रात्री रंगभवनात असेल तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा. रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडून मुकं झालं. स्टिंग जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पुन्हा येऊन गेला. तेव्हाही गळ्यात बेसच होता.

तिसरी गोष्ट, नावांची आणि पैशांची. ही लांबवण्यात अर्थ नाही, कारण ती तुम्हाला आधीच माहीत आहे. किंग्स्टनच्या स्टुडिओत वादकाला गाण्यामागे रोख पैसे मिळत. चाल ज्याच्या बोटांतून आली त्याचं नाव लेबलवर नसे. आपल्या फिल्मी स्टुडिओंत काय वेगळं होतं? गोव्याहून आलेले किती वादक ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत आयुष्यभर वाजवत राहिले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला बेस तुम्हाला पाठ आहे, तो वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव किती जणांना पाठ आहे? तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. खाली जागा होती, नाव नव्हतं.

बॅरेट मात्र कोर्टात गेला. वेलर्सच्या कमाईतला आपला आणि मयत भावाचा वाटा मागण्यासाठी त्याने लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला, रक्कम सहा कोटी पौंड. २००६ मध्ये तो हरला. आधी एका तडजोडीवर त्याने सही केली होती, त्यात हक्क सुटले होते. कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनतोड असेल, वकील मंडळी मान डोलावतायत. पण ज्या न्यायव्यवस्थेला शब्द आणि सूर यांची मालकी कळते तिला ठेक्याच्या खालची चाल कुणाची, हे अजून नीट मोजता येत नाही. डेसिबलच्या मीटरात काय, कोर्टात काय, दोन्हीकडे माप वरच्या स्वरांचंच आहे.

एक शेवटचं प्रकरण, कारण रूट्सचा काळ तिथे संपतो. १९८५ मध्ये किंग्स्टनमध्ये किंग जॅमीने वेन स्मिथच्या आवाजात ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढलं. त्याला बेसवादकच नाही. कॅसिओच्या एमटी-४० या घरगुती छोट्या की-बोर्डमध्ये कळ दाबली की आपोआप वाजणारी एक चाल होती, ती जरा सावकाश केली आणि झालं. बेट वेडं झालं. त्या एका चालीवर शेकड्यांनी गाणी निघाली आणि स्टुडिओतले बेसवादक घरी बसले. आता ती चाल यंत्रात कुणी घातली? हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने, नोकरीला लागल्यावर थोड्याच काळात. आणि तिने संगीत महाविद्यालयात प्रबंध कशावर लिहिला होता? रेगेवर! बॅरेट-सिबल्स यांच्या खर्जावर वाढलेला एक कान टोकियोत बसला होता. त्याची विद्या पेटीत बंद होऊन किंग्स्टनला परत आली आणि तिने गुरुजनांचाच रोजगार घेतला. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मला राग येत नाही. आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये बेसवादकाची जागा घेण्यासाठीच बनवलेलं एक रोलंड यंत्रही साथीला घेऊन दहा रागांची रेकॉर्ड काढली, ती तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या नाचघरांनी डोक्यावर घेतली. यंत्रालाही शेवटी वाजवणारा लागतो.

देशात आज रेगेची मंडळी आहेत. दिल्लीच्या रेगे राजाजनी २००९ मध्ये साउंड सिस्टिम सुरू केली, २०१६ मध्ये गोव्यात सनस्प्लॅश महोत्सव सुरू झाला. तिथे जाणारी नवी मुंबईची मुलं मला माहीत आहेत. त्यांच्या आईवडिलांना ती कोकणात जातो असं सांगतात. (हशा)

चिठ्ठी आली आहे. वेळ झाला. जाण्याआधी एक. साउंडवाल्या दादांनी दोन्ही मोठे स्पीकर जमिनीवर ठेवलेत, त्यांना मी आधीच विनंती केली होती. ‘काँक्रीट जंगल’ दोनदा वाजेल. २००१ मध्ये ‘कॅच अ फायर’ची जी आवृत्ती निघाली तिच्यात आधीचं जमैकातलं मिश्रण आणि लंडनमध्ये गिटार, की-बोर्ड चढवून बाजारात आणलेलं मिश्रण, अशी दोन्ही आहेत. लंडनच्या मिश्रणात अमेरिकन गिटारवादक वेन पर्किन्सची लांबलचक गिटार येते, ती छान आहे, तिच्याकडे लक्ष जाईलच. जाऊ द्या. जमैकाच्या मिश्रणात ती नाही. तिथे पहिल्या कडव्याला पहिल्या मात्रेवर टाळी वाजवायचा मोह होईल तेव्हा हात आवरा आणि विशीही न गाठलेला रॉबी काय वाजवतो ते ऐका. पुढच्या रांगेतल्यांनी पाय जमिनीला टेकवून ठेवावेत. दादा, आधी जमैकाचं लावा.